पिशवीवरील तारीख

पालघर तालुक्यांतील एका शाळेंत मीं छत्तीस वर्षें मराठी शिकविलें. तेवढ्या काळांत 'रक्तदान : श्रेष्ठ दान' या विषयावरील निबंध किती तपासले असतील, याची गणती करूं म्हटलें तरी होणार नाहीं. दोन-तीन वर्षांआड हा विषय परीक्षेंत येई, आणि तो आला कीं मुलांना हायसें वाटे. कारण त्यांत लिहिण्यासारखें सर्व आधींच ठरलेलें असतें. कर्ण कवचकुंडलें देतो, शिबि राजा मांडीचें मांस तोडून देतो, दधीचि ऋषि अस्थि देतात, आणि तिसऱ्या परिच्छेदांत एक तरुण रक्तपेढींत जाऊन रक्त देतो. शेवटीं 'चला, आपण सारे रक्तदान करूं या' हें वाक्य. त्या वाक्याखालीं मी तांबड्या शाईनें 'छान' असें लिहीत असें. छत्तीस वर्षांत एकाही मुलानें मला विचारलें नाहीं कीं, सर, तुम्ही दिलें आहे का?

मीं दिलें नव्हतें. न देण्यामागें कांहीं तत्त्व नव्हतें, आणि कृपणपणाही, मला वाटतें, नव्हता. नुसतें राहून गेलें होतें. शाळेंत शिबिर भरे तेव्हां खुर्च्या, फलक, पाहुण्यांचे हारतुरे आणि आभारप्रदर्शन हीं कामें माझ्याकडे असत. आणि आभार मानणारानेंच आडवें पडून कसें चालेल? एके वर्षीं ताप होता. एके वर्षीं दाढ काढली होती. एके वर्षीं ती जाड सुई पाहून मला घेरी आली, हें मात्र मीं कोणास कळूं दिलें नाहीं.

रक्त घेण्याचा प्रसंग आमच्या घरावर येऊन गेला होता, हें येथेंच सांगून टाकतों. १९८३ सालीं मुंबईच्या एका रुग्णालयांत वडिलांच्या पोटाची मोठी शस्त्रक्रिया व्हावयाची होती. दोन बाटल्या रक्ताची तजवीज करा, असें सांगण्यांत आलें. आम्ही दोघे भाऊ एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलों. थोरला म्हणाला, 'घर माझ्यावर चालतंय.' मी म्हणालों, 'मला सोमवारी शाळेत हजर व्हायचंय.' आमची अडचण एका वॉर्डबॉयनें ओळखली आणि आम्हांस फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीपाशीं नेलें. तेथें बाकावर रक्त विकणारा माणूस बसला होता. अंग वाळलेलें, डोळे पिवळट. वय तिशीचें असावें, दिसत होता पन्नाशीचा. पैसे मोजून खिशांत घालतांना तो म्हणाला, 'म्हाताऱ्याला बरं वाटेल बघा.' हा धंदा पुढें सर्वोच्च न्यायालयाच्या ४ जानेवारी १९९६ च्या निकालानें बंद करावयाचें ठरलें, आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणें संपुष्टांत आलें. वडील त्या शस्त्रक्रियेनंतर अकरा वर्षें जगले. त्या अकरा वर्षांत आमच्या घरीं कुलदैवताचे, डॉक्टरांचे आणि पैसे उभे करणाऱ्या थोरल्या भावाचे उपकार वारंवार आठवले गेले. टपरीवरच्या त्या माणसाचें नांव आम्हांस ठाऊकच नव्हतें.

आमच्या भाषेंत रक्त फार महाग आहे. बाप 'रक्ताचें पाणी' करून मुलांना वाढवितो. काळजीनें आईचें रक्त 'आटतें'. खरें नातें काय तें 'रक्ताचें'. म्हणजे रक्त हें जन्मतः मिळालेलें भांडवल, तें खर्चतें, भरून कांहीं येत नाहीं, असा या बोलण्याचा रोख आहे. शरीरशास्त्र निराळें सांगतें. मोठ्या माणसाच्या अंगांत सुमारें पांच लिटर रक्त असतें. त्यांतून ३५० किंवा ४५० मिलिलिटर काढलें तर पाण्याचा अंश एक-दोन दिवसांत भरून येतो आणि तांबड्या पेशी कांहीं आठवड्यांत. पुरुषास तीन महिन्यांनीं व स्त्रीस चार महिन्यांनीं पुन्हां देतां येतें. परंतु नियम कागदावर असतो आणि वाक्प्रचार जिभेवर. शिवाय कारखान्यांत बारा तास उभें राहून घरीं आलेल्या मजुराला 'तुझें रक्त भरून येईल' असें सांगणारा मनुष्य बहुधा खुर्चीवर बसून काम करणारा असतो, हेंही विसरतां कामा नये.

पालघर शहरांत १४ ऑगस्ट १९४२ रोजीं पोलिसांच्या गोळीबारांत पडलेल्या पांच हुतात्म्यांचा स्तंभ आहे. सांडलेल्या रक्तापुढें मस्तक नमवावयास आम्ही लहानपणींच शिकलों. न सांडतां, एका नळींतून निमूटपणें पिशवींत उतरणाऱ्या रक्ताला मात्र चहा आणि ग्लुकोजचीं बिस्किटें. याबद्दल तक्रार नाहीं; बिस्किटें योग्यच आहेत. पण ज्या गोष्टीला समाजांत विधि नसतो ती गोष्ट माणसाच्या सहज आठवणींतही राहत नाहीं, एवढेंच मला म्हणावयाचें आहे.

बोईसर-तारापूरचा पट्टा ज्यांनीं पाहिला नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. पश्चिमेस समुद्र, त्याच्या कांठीं तारापूरचा जुना किल्ला आणि १९६९ सालीं सुरू झालेलें अणुवीजकेंद्र. मध्यें रसायनांच्या व औषधांच्या कारखान्यांची वसाहत. पूर्वेस रेल्वेचे रूळ, आणि ते ओलांडले कीं आदिवासींचे पाडे थेट डोंगरापर्यंत. येथें धोका कोणास नवा नाहीं. ११ जानेवारी २०२० रोजीं, शनिवारीं संध्याकाळीं, कोळवडे येथील एका कारखान्यांत स्फोट झाला. आमच्या खिडक्यांचीं तावदानें थरथरलीं. आठ माणसें दगावलीं. त्या रात्रीं माझे दोन जुने विद्यार्थी दुचाकीवरून आमच्या दारावरून चालले होते. 'कुठे रे?' म्हणून विचारलें, तर न थांबतांच ओरडून म्हणाले, 'रक्त लागेल म्हणतात, सर!' लागलें कीं नाहीं, मला माहीत नाहीं. पण ते गेले.

त्यानंतर अकरा आठवड्यांच्या आंत, २५ मार्चपासून, देशभर टाळेबंदी सुरू झाली. महाविद्यालयें बंद, बहुतेक कारखाने बंद, मंडळांचे मांडव नाहींत. म्हणजे जेथें जेथें एरव्हीं रक्ताचीं शिबिरें भरत तीं सारीं ठिकाणें एकाच दिवशीं मिटलीं. उन्हाळ्यांत रक्ताचा तुटवडा दरवर्षींचाच. यंदा तो दुणावला. राष्ट्रीय रक्तसंक्रमण परिषदेनें त्याच २५ मार्चला सूचना काढून रक्तसंकलन चालूं ठेवावयास सांगितलें. राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनीं लोकांस आवाहन केलें. कारण शस्त्रक्रिया पुढें ढकलतां येतात, बाळंतपणें येत नाहींत. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनीं रक्त चढवावें लागतें, आणि आमच्या जिल्ह्याच्या आदिवासी भागांत सिकलसेलचे रुग्ण आहेत, त्यांनाही वेळप्रसंगीं तें लागतें. साथीला पाहून या लोकांचे आजार घरीं बसले नाहींत.

मंडळाचीं शिबिरें भरविणारा माझा एक माजी विद्यार्थी आहे. त्यानें एप्रिलांत आपल्या वहींतील एकेका नांवाला फोन केला. जानेवारींत दुचाकीवरून गेलेल्या त्या दोघांपैकीं एकजण त्याला म्हणाला, 'दादा, घरी आई आहे. दवाखान्याच्या दारात पाय नाही टाकणार.' हा मुलगा तीन महिन्यांत भित्रा झाला काय? मला तसें वाटत नाहीं. स्फोटाला जागा असते आणि शेवट असतो. तेथें धांवून जाणारा माणूस स्वतःचा जीव धोक्यांत घालतो, आणि तो घालण्याचा त्याला अधिकार आहे. साथींत तो आईचा जीव धोक्यांत घालतो. ज्या मनानें त्याला जानेवारींत घराबाहेर काढलें, त्याच मनानें त्याला एप्रिलांत घरांत बसविलें. लोक स्वार्थी झाले, माणुसकी मेली, असें त्या दिवसांत पुष्कळांनीं लिहिलें. ज्यांना म्हातारी आई नव्हती अशांनीं तें लिहिलें असावें.

अर्थात् सगळींच कारणें इतकीं चांगलीं नव्हतीं. रक्त दिलें कीं प्रतिकारशक्ति जाते, म्हणजे करोना आयताच घरांत येतो, असें सुशिक्षित माणसें सांगत. रक्ताच्या पिशवींतूनच रोग येतो, असेंही कोणी म्हणे; तसा एकही पुरावा पुढें आलेला नाहीं. तपासणीच्या निमित्तानें धरून नेतील आणि चौदा दिवस कोंडून ठेवतील, ही भीति पाड्यांतून विशेष होती. ती सर्वस्वीं निराधार होती असें तरी कसें म्हणावें? कित्येकांना कोंडलें होतेंच. आणि या सगळ्यांच्या खालीं एक जुनी, काळी अफवा वाहत होती : रात्रीं माणसें येतात, मुलें पळवितात, मूत्रपिंडें काढून नेतात. या अफवेनेंच १६ एप्रिल २०२० च्या रात्रीं डहाणू तालुक्यांत गडचिंचले येथें दोन साधूंचा आणि त्यांच्या गाडीच्या चालकाचा जमावाकडून बळी घेतला. त्या घटनेचें पुढें ज्यानें त्यानें आपापल्या सोयीप्रमाणें भांडवल केलें. मला त्या आठवड्यांत मुंबईची १८९६ ची प्लेगची साथ आठवत होती. इस्पितळांत माणसाला उलटें टांगून त्याची 'मोमियाई' काढतात, अशी आवई तेव्हां उठली होती, आणि त्या वर्षीं ऑक्टोबरांत गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला होता. सव्वाशें वर्षांत मोमियाईचें मूत्रपिंड झालें, एवढाच काय तो फरक. गरिबाच्या अंगांतून कांहीं तरी काढून घेण्यासाठींच डॉक्टर येतो, हा समज ज्या प्रदेशांत इतका खोल आहे, तेथें 'रक्त द्या' हें वाक्य कानावर कसें पडत असेल, याचा विचार आम्ही निबंध लिहविणारांनीं कधीं केला नाहीं. टपरीवरचा तो पिवळट डोळ्यांचा माणूस याच प्रदेशांतून मुंबईस गेलेला नसेल कशावरून?

आतां १४ मे २०२० ची दुपार सांगावयास हवी. ती टाळण्यासाठींच मी इतका वेळ इकडचें तिकडचें बोलत होतों, हें चाणाक्ष वाचकांच्या ध्यानांत आलें असेल.

आमच्या मागच्या चाळींत एक ओडिया जोडपें राहत होतें. नवरा कारखान्यांत गोण्या उचलण्याच्या कामावर. टाळेबंदींत काम गेलें, गांवकरी मिळेल त्या वाटेनें निघून गेले. हा मात्र बायकोचे दिवस भरत आले म्हणून मागें राहिला. त्या दुपारीं तो आमच्या जाळीच्या दारापुढें येऊन उभा राहिला. नाकातोंडाला गमछा बांधलेला. त्याच्या मोडक्या हिंदींतून मला इतकें समजलें कीं, बायको पहांटे बाळंत झाली, रक्त थांबत नाहीं, दोन पिशव्या आणावयास सांगितल्या आहेत, आणि बदल्यांत देणारीं माणसें बरोबर आणा म्हणतात. 'मास्टरजी, इधर मेरा कोई नहीं है.'

तो बाहेर, मी आंत, मध्यें जाळी. मी म्हणालों, मला मधुमेह आहे, औषधें चालूं आहेत.

मला मधुमेह नाहीं. तेव्हां नव्हता, आज नाहीं. तें वाक्य माझ्या तोंडून इतक्या सफाईनें बाहेर पडलें कीं, तें आंत केव्हांपासून तयार होऊन बसलें होतें असा प्रश्न मला अजून पडतो. त्या माणसानें मान डोलविली. त्याला राग आला नाहीं. उलट मधुमेही माणसाला उगाच तसदी दिली म्हणून त्यानें हात जोडले. स्वयंपाकघराच्या दारांत ही उभी होती. ती कांहीं बोलली नाहीं. तिनें ओट्यावरचा गॅस बंद केला, तोंडाला पदर आणि पदरावर मुसकें बांधलें, पायांत चपला घातल्या आणि जातां जातां म्हणाली, 'माझं चालतंय का बघते.'

रक्त दुसऱ्या गांवाहून आणावयाचें होतें. गाड्या बंद होत्या. आमचा दूधवाला आपला टेम्पो घेऊन निघाला. दुधाला परवानगी होती. पुढें चालकाजवळ ही, मागें रिकाम्या कॅनांमध्यें तो ओडिया. नाक्यावर पोलिसांनीं एकदां जातांना अडविलें, एकदां येतांना. रात्रीं नऊ वाजतां ती परत आली, अंगणांतच दोन बादल्या पाणी अंगावर घेतलें, आणि मग उंबरठ्यावर बसून सांगूं लागली.

तिचें रक्त घेतलें नाहीं. हिमोग्लोबिन १०.४ निघालें, साडेबारा तरी लागतें. सत्तावन्न वर्षांची बाई, उभा जन्म आम्हां सर्वांना वाढून उरलेलें खाल्लेली. आंकडा ऐकून मलाच खालीं पाहावें लागलें. नवऱ्याचा गट निराळा होता, तरी बदली म्हणून त्याचें रक्त घेतलें. दुसऱ्या पिशवीच्या बदल्यांत त्यांनीं कांहीं मागितलें नाहीं. शिल्लक थोडी होती, तरी दिली. डबा बंद करण्यापूर्वीं तेथील मुलीनें पिशव्यांवरचे क्रमांक मोठ्यानें वाचून ताडून पाहिले, ते हिनें ऐकले होते. येतांना तो थर्मोकोलचा डबा हिच्याच मांडीवर होता.

'एका पिशवीवर तारीख होती,' ती म्हणाली, 'एकोणीस एप्रिल.'

मुलगी आणि तिची आई दोघीही वांचल्या. मेच्या अखेरीस तें कुटुंब ओडिशाकडे गेलें. पुढें त्यांचें वर्तमान कळलें नाहीं. माझ्या मधुमेहाविषयीं हिनें त्या रात्रीं अगर त्यानंतर कधीं एक अक्षरही काढलें नाहीं. दुसऱ्या दिवसापासून आठ दिवस माझ्या चहांत साखर नव्हती, इतकेंच.

ती तारीख मात्र माझ्या डोक्यांतून जाईना. साध्या पिशवींतील रक्त दोन ते सहा अंश उष्णमानांत पस्तीस दिवस टिकतें. त्यानंतर तें फेंकून द्यावें लागतें. एरव्हीं हा नियम मीं एक निरुपयोगी माहिती म्हणून वाचून सोडून दिला असता. आतां त्याचा अर्थ कळला. १४ मेला त्या रुग्णालयांत जें रक्त होतें तें जानेवारीच्या उत्साहाचें असूंच शकत नव्हतें. माघी गणपतीच्या शिबिरांतलें नव्हतें, कोणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचें नव्हतें. तें रविवार, १९ एप्रिलचें होतें. गडचिंचल्याला तीन दिवस झाले होते. रस्त्यावर कुत्रें आणि पोलीस यांवांचून कोणी नव्हतें. त्या दिवशीं कोणी एक माणूस, कोणी बोलावल्यावरून अगर आपण होऊन, घरांतून निघाला असेल. नाक्यावर त्याला 'कुठे चाललास?' म्हणून दरडावलें असेल. ज्या दारांत पाय टाकावयास सारा तालुका भीत होता त्या दारांतून तो आंत गेला, हात पुढें केला, आणि परत घरीं येऊन आईपासून दूर कोपऱ्यांत बसला असेल. कोणाचें रक्त कोणाला जाणार, हें त्याला ठाऊक नव्हतें. ती बाई त्या दिवशीं पोटांतल्या मुलीसह माझ्या खिडकीमागें धुणें वाळत घालीत होती.

आमच्याकडे दानाचीं पथ्यें पुष्कळ आहेत. दान सत्पात्रीं असावें, देश आणि काळ पाहून असावें, असें वडीलधारे सांगत आले. पण आमच्याकडे गुप्तदानही आहे : लाडवांत नाणें घालून तो लाडू देतात, देणाऱ्यानें सांगावयाचें नाहीं. एरव्हींचा आमचा व्यवहार या दोहोंपैकीं एकाही जातीचा नसतो, तो उसनवारीचा असतो. वाटीभर साखर नेली, वाटीभर आणून दिली. रुग्णालयें 'बदली' मागतात ती हीच उसनवारी, आणि ज्याचें 'इधर कोई नहीं' त्याची वाटी रिकामीच राहते. ओळखीच्या माणसासाठीं रक्त द्यावयास आमचे लोक कधीं मागें हटले नाहींत, साथींतही नाहीं; शेजाऱ्याची सून अडली असें ऐकल्यावर माझ्या त्या विद्यार्थ्याच्या वहींतलीं कितीतरी माणसें भीति बाजूस ठेवून गेलीं. पण चेहरा पाहून दिलेलें रक्त त्या चेहऱ्यापाशीं संपतें. फडताळांत जें शिल्लक राहतें, परक्याच्या वेळेला उपयोगीं पडतें, तें बिनचेहऱ्याच्या माणसासाठीं दिलेलें असतें. आणि त्याचा साठा करून ठेवतां येत नाहीं, पस्तीस दिवसांनीं पुन्हां कोणी तरी दारांतून आंत जावें लागतें.

प्लाझ्माची गोष्ट याच संदर्भांत आठवते. जूनअखेर, २९ जून २०२० रोजीं, राज्यांत प्लाझ्मा-उपचाराच्या मोठ्या चाचणीचा प्रारंभ झाला, आणि बऱ्या झालेल्या रुग्णांच्या शोधांत लोक वणवण हिंडूं लागले. 'अमुक गटाचा प्लाझ्मा हवा' असे निरोप दिवसाला दहा येत. ज्यांनीं एप्रिलांत साध्या रक्ताचें नांव काढूं दिलें नव्हतें ते बरे झाल्यावर अभिमानानें प्लाझ्मा द्यावयास जात, आणि त्यांचीं छायाचित्रें मित्रमंडळींत फिरत. पुढें भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर केलेल्या अभ्यासांत या उपचारानें मृत्यु टळतात असें दिसून आलें नाहीं, आणि मे २०२१ मध्यें तो अधिकृत उपचारांतून वगळण्यांत आला. ज्याचा उपयोग ठरलेला होता त्याला माणसें मिळेनात, ज्याचा ठरला नव्हता त्याला रांगा. मी हंसत नाहीं. प्लाझ्मा मागणाऱ्याला नांव होतें, चेहरा होता, व्हेंटिलेटरवरचा फोटो होता.

डिसेंबर २०२० मध्यें रक्ताचा सांठा पुन्हां इतका आटला कीं मुख्यमंत्र्यांना आणि आरोग्यमंत्र्यांना जाहीर आवाहन करावें लागलें. माझ्या विद्यार्थ्यानें एका शाळेंत शिबिर ठेवलें. मांडव नाहीं, भाषणें नाहींत. फोनवर वेळ ठरवून एका वेळीं पांच माणसें, वर्गाच्या सर्व खिडक्या उघड्या. माणसें आलीं, मागच्या एप्रिलांत 'नाहीं' म्हणालेलींही आलीं. तो मला म्हणाला, 'सर, लोक रक्ताला नाही म्हणत नव्हते, दवाखान्याला नाही म्हणत होते.' एवढी साधी गोष्ट मार्चांत सुचली असती तर! पण मार्चांत शाळांना कुलुपें होतीं आणि आम्हां सर्वांच्या डोक्यांनाही.

मीही गेलों होतों, आणि पाहावयास गेलों नव्हतों. वय त्रेसष्ट, पासष्टपर्यंत रक्त देतां येतें, असें वाचलें होतें. नोंद करणाऱ्या मुलीनें विचारलें, 'काका, या आधी कधी दिलंय?'

'नाही.'

'मग नाही घेता येणार. पहिल्यांदा देणाऱ्याला साठीपर्यंतच मर्यादा आहे. पासष्ट ती आधी दिलेल्यांसाठी.'

मी तसाच उभा राहिलों. म्हणजे १४ मेच्या दुपारीं मीं खरें बोललों असतों, 'बाबा रे, चल, येतों,' असें म्हणून टेम्पोंत बसलों असतों, तरी त्यांनीं मला परतच पाठविलें असतें. माझ्या खोटेपणाची गरजच नव्हती. एखाद्यास यानें बरें वाटलें असतें. मला तें वाटेना. कारण जाळीआड उभा असतांना हा नियम मला माहीत नव्हता. १९७५ सालीं मला अठरावें लागून गेलें, २०१७ मध्यें साठ पूर्ण झालीं : मधलीं बेचाळीस वर्षें तें दार माझ्यासाठीं उघडें होतें आणि मी त्याच्या बाहेर हारतुरे मोजीत होतों. 'काका, बसा ना,' मुलगी म्हणाली. मला बिस्किटांच्या टेबलापाशीं बसविण्यांत आलें. दुपारपर्यंत मी तेथें होतों. जे उठून येत त्यांच्यापुढें बशी करीत होतों. मुसक्यांमुळें निम्मेअधिक चेहरे ओळखूं येत नव्हते.

हिची हकीकत निराळी. मे २०२० पासून तिनें लोहाच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. नाचणी, शेवग्याचा पाला, अळिवाचे लाडू यांचा घरांत सुकाळ झाला. मुख्य म्हणजे ती आमच्याबरोबर जेवावयास बसूं लागली. २०२१ च्या फेब्रुवारींत पाहिलें तेव्हां ११.३. मग दुसरी लाट आली. एप्रिलांत लस घेतली. तेव्हां लशीनंतर अठ्ठावीस दिवस रक्त घेत नसत, मेमध्यें ती मुदत चौदावर आली. जुलैमध्यें दुसरी मात्रा. या सर्व तारखा ती स्वयंपाकघरांतल्या कॅलेंडरावर दुधाच्या हिशेबाशेजारीं मांडून ठेवी. १ ऑक्टोबर हा ऐच्छिक रक्तदानाचा राष्ट्रीय दिवस. २०२१ सालीं तो शुक्रवारीं आला, पितृपक्ष चालूं होता, आणि शिबिराला माणसें कमी होतीं. तिचें हिमोग्लोबिन १२.७ निघालें, वजन अठ्ठेचाळीस किलो, वय अठ्ठावन्न.

मी बाहेर व्हरांड्यांत बसलों होतों. पाऊण तासानें ती आली. कोंपर दुमडून धरलेलें, दुसऱ्या हातांत बिस्किटाचा पुडा. घरीं आल्यावर तिनें चहा मागितला. चहा मीं केला.

'अहो,' ती म्हणाली, 'पस्तीस दिवस म्हणजे कधी होतात?'

मीं कॅलेंडराचें पान उलटून मोजलें. ५ नोव्हेंबर.

'पाडवा,' मीं सांगितलें. 'दिवाळीचा.'

'मग त्याच्या आत जाईल कुणाला तरी,' ती म्हणाली, आणि हातावरचा कापूस काढून केराच्या टोपलींत टाकला.